गोठलेले दही आणि थट्टेचा सोयरा

टांझानियातल्या तांगा बंदरात रेल्वेच्या जुन्या चाळींमागे जी गल्ली आहे, तिथल्या बायका पहाटे कोंबड्याने उठतात, नाहीतर मशिदीतल्या बांगेने. सिकुधानी उठते शांततेने. तिच्या स्वयंपाकघरात एक आडवा फ्रीजर आहे. तो रात्रभर दमेकऱ्यासारखा घरघरतो आणि पहाटे वीज गेली की मध्येच गप्प होतो. ती घरघर थांबली की सिकुधानीचे डोळे उघडतात. मग तिचे दोन्ही गुडघे आपसात सल्लामसलत करतात आणि त्यांचे एकमत झाले, की ती उठते.

फ्रीजरच्या झाकणाची बिजागरी निखळलेली आहे, म्हणून झाकणावर कोळशाची जड इस्त्री ठेवलेली असते. पूर्वी ती इस्त्री दिवसभर खालीवर व्हायची. गल्लीतल्या पोरांसाठी सिकुधानी रंगीत साखरपाण्याचा बर्फ करायची: लाल म्हणजे लाल, हिरवा म्हणजे हिरवा, चव एकच. तो उद्योग तिने बंद केला, कारण आता त्या फ्रीजरला एकच गिऱ्हाईक होते, आणि ते काही केल्या खात नव्हते.

ते गिऱ्हाईक म्हणजे तिचा नवरा, म्हिना. म्हिना रेल्वेत सांधेवाला होता. जन्मभर त्याने आगगाड्यांना कुठे वळायचे ते सांगितले, आणि म्हातारपणी पोटाचे ऑपरेशन झाल्यावर नेमका त्याच्या स्वतःच्या घशातला सांधा अडला. गरम अन्नाचा वास आला की त्याला उमळून यायचे. भात नको, मक्याचा उंडा नको, माशाचे कालवण तर गल्लीच्या टोकाला शिजत असले तरी नको. थंडगार काही दिले तर तेवढे पोटात टिकायचे. त्यात रक्तातली साखर वाढलेली. दवाखान्यातल्या नर्सबाईने स्वच्छ सांगितले होते, "साखर घालायची नाही. दही द्या, फळं द्या, पाहिजे तर गोठवून द्या. पण पोटात गेलं पाहिजे. पुढच्या तपासणीला वजन आणखी उतरलेलं दिसलं तर भरती करून घेऊ आणि नळीनं भरवू."

घरी आल्यावर म्हिना म्हणाला होता, "भरती झालो तर मी परत येणार नाही. सांगून ठेवतो."

तो हे रागाने म्हणाला नव्हता. गाडी किती उशिराने येणार हे तो ज्या आवाजात सांगायचा, त्याच आवाजात म्हणाला होता. आणि गाड्यांच्या बाबतीत म्हिना कधी चुकला नव्हता. सिकुधानीला तेव्हापासून नीट झोप नाही.

म्हणून सगळा संसार आता दह्याभोवती फिरत होता. संध्याकाळी मागच्या गोठ्यातले दूध आणायचे, विरजायचे. सकाळी ते दही जुन्या कांगेच्या, म्हणजे बायका अंगाडोक्यावरून घेतात त्या छापील कापडाच्या, तुकड्यात बांधून खिडकीच्या गजाला टांगायचे. कांगेवर म्हण छापलेली असतेच. या तुकड्यावर होते, 'घाई करणाऱ्याला कच्चेच मिळते.' सकाळच्या घाईत ते वाचायला लागणे म्हणजे सासूने माघारी येऊन टोमणा मारण्यासारखे होते. पाणी गळून चक्का घट्ट झाला पाहिजे, नाहीतर गोठल्यावर दह्याचे दगड होतात आणि म्हिनाचे उरलेसुरले दात त्या कामाचे नव्हते. मग फळे. डोडो आंब्याचा गर, पपई, पॅशनफ्रूटच्या बिया गाळून काढलेला रस, कधी गोरखचिंचेची पूड. गोडीसाठी साली काळ्या पडलेली केळी कुस्करायची. साखरेला हात लावायचा नाही. काही चक्का पेल्यात भरायचा. उरलेल्यात केळ्याच्या चकत्या बुडवून काढायच्या, माडाच्या हिराच्या काड्यांत त्या मिशकाकीच्या, म्हणजे निखाऱ्यावर भाजायच्या मांसाच्या, तुकड्यांसारख्या ओवायच्या आणि ताटात मांडून फ्रीजरमध्ये ठेवायच्या. हीर खराट्यातून काढलेला नाही हे म्हिनाला रोज शपथेवर सांगायचे. एवढे होईपर्यंत ऊन डोक्यावर यायचे आणि सिकुधानीला वाटायचे, आपल्यालाही कुणीतरी फडक्यात बांधून टांगून ठेवावे. निदान अंगातले पाणी तरी गळून जाईल.

आणि मग दुपारी, म्हिनाचा डोळा लागून उघडला की मागांगा यायचा.

मागांगा तीन घरे पलीकडे राहायचा. घायपाताच्या मळ्यात राबून म्हातारा झालेला, बायको गेलेली, पाय काटक, पोट धडधाकट. तो न्यामवेझी आणि म्हिना झिगुआ, आणि या दोन जमातींत आज्या-पणज्यांपासून थट्टेचे नाते. थट्टेचा सोयरा म्हणजे सोयऱ्यांतला सगळ्यात हक्काचा. त्याने विचारल्यावाचून घरात यावे, झाकण उघडून खावे, घरधन्याला गाढव म्हणावे. घरधन्याने हसावे, नाहीतर वरचढ काहीतरी बोलावे. रागवायचे मात्र नाही. आणि दोघांतला एक मेला, की दुसऱ्याने मयताला जाऊन त्याची हुबेहूब नक्कल करायची, तिरडी अडवायची, रडणाऱ्यांना हसवायचे. हे ज्याच्या मयताला झाले नाही, तो माणूस बेवारस गेला असे समजतात.

"काय रे सांधेवाल्या, अजून आहेस?" मागांगा उंबऱ्यातूनच विचारायचा. "मला वाटलं, आज तरी बाहेर मयताचा बाक टाकलेला असेल, कॉफी मिळेल."

"तू आधी," म्हिना उशीवरूनच म्हणायचा. "तुझा खड्डा खणायला माणसं जास्त लागतील. तुम्हा लोकांचे पाय मेल्यावरही चालत राहतात म्हणे."

"चालले म्हणून तर आमचे आजे हस्तिदंत डोक्यावर घेऊन किनाऱ्यापर्यंत पोचले. त्यांना बघून तुझ्या आज्याला कळलं, माणूस कसा दिसतो ते."

"पोचले आणि आल्या आल्या पाणी मागितलं. अजून मागताय."

"पाणी कोण मागतंय?" असे म्हणत मागांगा स्वयंपाकघरात शिरायचा, इस्त्री उचलून जमिनीवर ठेवायचा आणि आंब्याचा पेला नाहीतर केळ्याची काडी घेऊन म्हिनाच्या खाटेशी येऊन बसायचा. "वहिनी, आज आंबट झालंय हं. पण मी खातो. याच्यासाठी माझा जीव तुटतो."

"ती माझी आहे. ठेव खाली," म्हिना म्हणायचा.

"तू खाणार आहेस थोडाच."

"खाईन नाहीतर उशाखाली ठेवीन, तुला काय करायचंय?" आणि त्या काडीसाठी दोघांची झोंबाझोंबी व्हायची. सिकुधानीला ती चुलीपाशी ऐकू यायची, आणि तिच्या मनात एकच विचार असायचा: पहाटेपासून आपण जे केले, त्यातले अर्धे त्या दगडासारख्या ठणठणीत माणसाच्या पोटात चालले आहे.

ज्या दिवशी हे सगळे बिनसले, त्या दिवसाच्या आधी रात्रभर वीज नव्हती. फ्रीजरमधले सगळे पाघळून ताटात तळे झालेले. सिकुधानीने उरलेल्या चक्क्यात पुन्हा केळी बुडवली, वीज आल्यावर ठेवली, आणि दुपारपर्यंत जेमतेम तीन काड्या धड गोठल्या. तिची पाठ मोडून आली होती. जेवायचे राहिले होते, आणि राहिले आहे हेही तिला आठवत नव्हते.

मागांगा आला. त्याने एक काडी खाल्ली. म्हिनाने दुसरी त्याच्या हातून ओढून घेतली आणि चघळत बसला. मागांगाने मग तिसरीही खाल्ली, बोटे पुसली, आणि दारातल्या चटईवर आडवा झाला. दोरीवरची सिकुधानीची धुतलेली चादर त्याने अंगावर ओढली, पायाचे अंगठे जुळवले, मान एका बाजूला टाकली आणि हाताने समोरची ताटली दूर सारल्यासारखे करत बारीक आवाजात म्हणाला, "नको गं सिकुधानी. नको. तोंडाला चवच नाही."

मग एक डोळा उघडून, "कसं जमतंय? आयत्या वेळी चूक नको व्हायला. लोक म्हणतील, एवढी वर्षं खाल्लं आणि नक्कल धड नाही केली."

खाटेवर म्हिना हसत होता. खोकला येईपर्यंत हसत होता. पण सिकुधानीला हसणे ऐकू आले नाही. तिला फक्त चादर दिसली आणि जुळवलेले अंगठे दिसले.

"मागांगा, ऊठ," ती म्हणाली. आवाज चढवायला तिच्यात त्राण नव्हते. "चालता हो. माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस."

तिने भांडे फेकून मारले असते तरी चालले असते. ते थट्टेत बसते. हे थट्टेत बसत नव्हते, आणि ते तिघांनाही त्याच क्षणी कळले. मागांगा उठला. त्याने चादरीची नीट घडी केली. "माफ करा, बाई," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून माफीचा शब्द कुणी ऐकला नव्हता. जाता जाता त्याने इस्त्री उचलून पुन्हा झाकणावर ठेवली. तीही त्याने कधी ठेवलेली नव्हती.

"हे काय केलंस?" म्हिनाने विचारले.

"कुणीतरी करायला हवं होतं ते."

"माणूस सोयऱ्यावर रागावत नाही."

"मी माणूस कुठे आहे? मी दही लावायचं यंत्र आहे."

दुसऱ्या दिवशी फ्रीजर भरलेला होता आणि घर शांत होते. सिकुधानीने पपईचा पेला नेऊन दिला. म्हिना म्हणाला, "ठेव." ती धुणे आटोपून आली तेव्हा पेल्यात पपईचे पाणी होते. त्यानंतरच्या दिवशी आंबा दिला. तोही तसाच पाघळला. पॅशनफ्रूटला त्याने निदान हुंगले. तिने लाडीगोडी लावली, मग रागावली, मग खाटेवर बसून स्वतः भरवायला गेली. त्याने तोंड मिटले आणि सभ्यपणे भिंतीकडे वळवले.

"तातूचे बाबा, परवा-परवापर्यंत खात होतात ना?"

"खात कुठे होतो? त्याच्या हातून सोडवत होतो."

सिकुधानीने चमचा खाली ठेवला.

"न्यामवेझीला आयतं मिळू द्यायचं नाही, म्हणून ढकलत होतो कसंतरी," म्हिना म्हणाला.

"मग आता कुणी उचलून नेत नाही. निवांत खा."

"निवांत खायला चव लागते. ती नाही माझ्याकडे."

तिने एक उपायही करून पाहिला. केळ्याची काडी त्याच्यासमोर धरून ती जमेल तेवढ्या दुष्टपणे म्हणाली, "मग मीच खाते." म्हिनाने तिच्याकडे इतक्या मायेने पाहिले की सगळाच घोटाळा झाला. "खा," तो म्हणाला. "तुला खायला हवं. किती वाळलीस." तिने ती काडी मुकाट्याने खाल्ली. चांगली झाली होती.

अरुशाहून लेकीचा, तातूचा, फोन आला. "आई, चिमूटभर साखर घालून बघ. बाबांना गोड आवडतं."

"साखरेचं काही नाही गं. न्यामवेझी कमी पडलाय."

तातूने सगळे ऐकून घेतले आणि शहरात राहणाऱ्या माणसासारखा सल्ला दिला, "मग काकांची माफी माग ना."

"माफी परक्याची मागतात. त्याची मागितली तर तो कायमचाच परका होईल."

तपासणी चार दिवसांवर आली होती. म्हिनाच्या मनगटावरचे घड्याळ कोपरापर्यंत घसरायला लागले होते. भर दुपारी, गल्लीत कुत्रेही सावली सोडत नाही अशा वेळी, सिकुधानीने डोक्यावर कांगा ओढली आणि ती मागांगाच्या घराकडे निघाली. तीन घरांचे अंतर. वाटेत ती दोनदा थांबली.

मागांगा अंगणात चुलीपाशी बसला होता. तिला पाहून तो उभा राहिला. तिच्यासाठी तो याआधी कधी उठला नव्हता.

"या बाई, या," असे म्हणून त्याने तिवई सदऱ्याने पुसली. "बसा. पाणी देऊ? घरी साहेबांची तब्येत कशी आहे?"

म्हिना साहेब झाला होता. सिकुधानी तिवईवर टेकली. काहीतरी टोचणारे, खमंग बोलायचे असे ती वाटेत ठरवत आली होती; आता इकडेतिकडे बघत ती विषय शोधू लागली. घर झाडलेले होते. माठ झाकलेला होता. सदरासुद्धा आज धुतलेला. शिवी द्यायलाही अंगात बळ लागते, हे तिला पहिल्यांदाच कळले.

"तुम्हा लोकांचं डोकं..." तिने सुरुवात केली, आणि पुढचे सुचेना.

"बोला ना बाई," मागांगा अदबीने म्हणाला आणि मान खाली घालून थांबला.

त्याला मदत करायची नव्हती असे नाही. पण रागावलेल्या माणसाने आधी बोलायचे असते. सोयऱ्याने ते ओढून काढायचे नसते. चुलीवर नारळाच्या दुधातला घेवडा रटरटत होता. सिकुधानी त्या घेवड्याकडे बघत होती. इतक्या दिवसांत तिने कुणाच्या घरचे काही शिजताना पाहिले नव्हते. मग ती उठली, कांगेच्या दोन टोकांनी पातेल्याचे कान धरले, पातेले चुलीवरून उचलले आणि चालू लागली.

मागांगा हातातल्या पळीसकट मागून आला.

"अहो बाई..." मागांगा म्हणाला.

ती चालत राहिली.

"वहिनी, माझं जेवण आहे ते."

ती फाटकाबाहेर पडली.

"ए बाई," आवाज आता जरा सैल झाला होता, आणि त्यामागून अनवाणी पावलांची फटफट येत होती. "ए चोरटे, थांब. बघा हो, झिगुआंनी भरदिवसा घर लुटलं."

दारादारांतून डोकी बाहेर आली. मासे तळणाऱ्या बाईने झारा हातात धरूनच विचारले, "काय झालं मागांगा?"

"घेवडा नेला. आख्खा. आता कांदा घालणार होतो."

"मग कांदा घेऊन जा की मागोमाग," ती म्हणाली आणि पुन्हा तव्याकडे वळली.

सिकुधानीला हसू येत नव्हते. पातेले तापलेले, कांगा डोक्यावरून घसरलेली, गुडघे सल्लामसलतीच्या पलीकडे गेलेले. पायावर एक गरम थेंब पडला तेव्हा तिने फक्त ओठ मिटले. पातेले खाली पडता कामा नये, एवढेच तिच्या मनात होते. घरात शिरून तिने ते जमिनीवर ठेवले आणि भिंतीला हात लावून उभी राहिली.

मागांगा उंबऱ्याबाहेर थांबला. हातात पळी होती. खाटेवर म्हिनाने मान उचलली होती.

"आत येता येत नाही मला," मागांगा म्हणाला. तो आता ओरडत नव्हता. "बंदी आहे."

सिकुधानीला श्वास पुरेना. "बंदी माणसांना होती," ती म्हणाली. "ओझ्याच्या गाढवांना नाही."

मागांगाने ते वाक्य जरा घोळवून पाहिले, बाजारात आंबा दाबून बघावा तसे.

"जुनं आहे," तो म्हणाला. "माझ्या आजीनं ऐकलं असेल. पण दमलेल्या बाईच्या मानानं बरं आहे." आणि तो आत आला.

त्याने म्हिनाकडे पाहिलेही नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन इस्त्री जमिनीवर आदळली, झाकण उघडले आणि केळ्याची काडी घेऊन खाटेशी आला. "घेवड्याची भरपाई," त्याने जाहीर केले.

"ती माझी आहे," म्हिना म्हणाला.

"होती. तू खाणं सोडलंस असं गल्लीत कळलं. मेलेल्याचं ते सोयऱ्याचं."

"मेलो नाही अजून."

"त्याला पुरावा काय? मी रोज विचारायचो, अजून आहेस का, तेव्हा तू शिवी द्यायचास. आता चार दिवस कुणी विचारलं नाही, म्हणून मला वाटलं, आटोपलं असेल."

काडीवरचे दही मागांगाच्या मनगटावरून ओघळायला लागले होते. तो ती तोंडाकडे नेत होता, पण मागांगाच्या मानाने फारच सावकाश. म्हिनाचा हात पांघरुणातून बाहेर आला. घड्याळ कोपरावर होते, पण काडी त्याने धरली. मागांगाने ती सहजासहजी सोडली नाही. थोडे खाली सांडले. मग म्हिनाने पहिला तुकडा दातांनी ओढून काढला, कपाळाला आठ्या घालून चघळला, आणि सिकुधानी त्याच्या गळ्याकडे बघत राहिली, तो घास खाली उतरेपर्यंत.

"आंबट आहे," म्हिना म्हणाला.

"मग दे इकडे."

"मर." आणि त्याने दुसरा तुकडा ओढला.

ती काडी संपली. मागांगाने दुसरी आणली; तिच्यासाठीही तशीच ओढाताण झाली, आणि तीही अर्ध्यावर गेली. चार दिवसांत काट्यावर किती चढणार होते ते काटाच जाणे. नर्सबाई भुवई उचलणार, हेही ठरलेलेच. पण म्हिना उशीला टेकून वर सरकला होता, आणि बायकोलाच ऐकू जाईल एवढ्या खालच्या आवाजात सांगत होता, "उद्या गोरखचिंचेचं कर जास्त. याला त्यानं दात आंबतात."

"करते," सिकुधानी म्हणाली. म्हणजे पुन्हा दूध, पुन्हा विरजण, पुन्हा ती कांगा आणि तिच्यावरची म्हण. पण ती लगेच कामाला लागली नाही. उंबऱ्यातच पाय पसरून बसली आणि पातेले जवळ ओढले. मागांगाची पळी तिथेच पडली होती. तिने ती घेवड्यात बुडवली.

"वहिनी, माझ्यापुरतं ठेवा हं," आतून मागांगा म्हणाला. "सकाळपासून उपाशी आहे मी."

घेवडा गरम होता, मऊ शिजलेला होता, आणि तो तिने शिजवलेला नव्हता. मीठ जरा जास्तच पडले होते. ते त्याला सुनवायला हवे होते. पण तिचे तोंड भरलेले होते, आणि ते इतक्यात रिकामे करायचा तिचा विचार नव्हता.